मोरीच्या भाऊबंदाचं स्टेरॉइड

श्रोतेहो, नमस्कार. स्टेरॉइड म्हटलं की दम्याचा पंप आठवतो, नाहीतर कोविडमधलं डेक्सामेथासोन. ते विषाणूला मारत नव्हतं, फुप्फुसाची सूज आवरत होतं. आज मी सांगतोय ते स्टेरॉइड वेगळं. ते थेट विषाणूची वाट अडवतं.

अमेरिकेत डॉ. मायकेल झास्लॉफ प्रयोगासाठी आफ्रिकी बेडकांची अंडी वापरत. बेडकीचं पोट चिरायचं, अंडी काढायची, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी गढूळ, जंतूंनी भरलेलं. टाके पडलेला हात आपण तसल्या पाण्यात घालू का? पण बेडकीची जखम चिघळत नव्हती. पू नाही, सूज नाही. अशा कितीतरी बेडक्या बऱ्या झाल्या आणि एक दिवस झास्लॉफ यांना प्रश्न पडला, ही बरी होतेच कशी? बेडकाच्या कातडीतच जंतू मारणारे रेणू निघाले. साल १९८७. आपण शाळेत बेडूक नुसता फाडला. मुलांना प्राणी पाळायला, त्यांची टाकी धुवायला लावा, असं मी कधीपासून सांगतोय. नजर तिथे तयार होते.

मग झास्लॉफ शार्ककडे वळले. छोटा शार्क, आपल्या मोरी माशाचा लांबचा भाऊबंद. त्याच्या जठरात १९९३ साली सापडलं स्क्वालामिन. हेच ते स्टेरॉइड.

आता त्याची परीक्षा. काचेच्या बशीत पेशींचा पातळ थर वाढवतात, त्यावर विषाणू सोडतात. काही दिवसांनी रंग ओतला की मेलेल्या पेशींच्या जागी भोकं दिसतात, अगदी घावनाला पडलेल्या जाळीसारखी. औषध घातल्यावर जाळी कमी झाली, तर आशा. पण आधी विषाणूशिवाय नुसतं औषध घालून बघायचं. पुन्हा सांगतो, आधी नुसतं औषध. त्यानेच पेशी मेल्या तर भोकं मोजून काय उपयोग?

स्क्वालामिन पेशीत शिरून तिच्या पडद्याला आतून चिकटलेली काही प्रथिनं सुटी करतं, मग विषाणूला तिथे बस्तान मांडता येत नाही. २०११ साली झास्लॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या पेशींमध्ये त्याने डेंग्यूला रोखलं. पीतज्वर झालेले काही हॅमस्टरही वाचले. दुकानात मिळणारं औषध मात्र ते अजून झालेलं नाही. बशी आणि रुग्ण यांत फार अंतर असतं.

आणि हो, १९९५पासून स्क्वालामिन प्रयोगशाळेत बनवता येतं. त्यासाठी शार्क मारावा लागत नाही. नमस्कार.