कागलचे व्यायाम आणि चटणीची शिंक

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. पत्रिकेत मला पस्तीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा हार-नारळात गेली, आणि विषय छापलाय 'महिलांचे आरोग्य', कारण खरा विषय छापला तर हॉल रिकामा राहील असं मंडळाचं म्हणणं. खरा विषय लघवी. शिंकल्यावर, खोकल्यावर, सिलेंडर सरकवताना नकळत होते ती, आणि ऑपरेशन न करता, गोळी न घेता त्यावर काय करता येतं ते. हसा हसा, पण जपून, पुढच्या रांगेतल्या दोघींनी आत्ताच पायावर पाय टाकले, मी बघितलं.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, म्हणाल्या डॉक्टरांनी कागलचे व्यायाम सांगितल्यात, त्यासाठी कागलला जायला लागंल का? म्हटलं आजी, कागल नाही, केगल. अरनॉल्ड केगल म्हणून अमेरिकेत एक स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन गेले, त्यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं आणि त्याच्यासाठी एक यंत्र पण काढलं, बाईनं आतून किती आवळलं ते काट्यावर दिसायचं. हा काटा लक्षात ठेवा, माझं सगळं भांडण त्या काट्यावरनं आहे. पुढं काय झालं, नाव राहिलं आणि काटा गेला. आता दवाखान्यातनं एक झेरॉक्स मिळते, 'रोज शंभर वेळा आवळा', बस्स. काय आवळा, कुठं आवळा, बरोबर आवळलं का, कोण बघणार?

आता माझीच गोष्ट सांगते, वेळ जाईल पण सांगते. मी फिजिओथेरपिस्ट, गुडघे-कंबर बघणारी. धाकटा आठ महिन्यांचा होता, एप्रिल महिना, म्हणजे चटणी करायचे दिवस. सासूबाई आणि मी ब्याडगी-संकेश्वरी भाजून, उन्हं दाखवून, पिशवी घेऊन कांडपावर. तिथली हवा तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पुढं सात-आठ बायका, आणि मला शिंका सुरू झाल्या, एक नाही दोन नाही, ओळीनं, आणि प्रत्येक शिंकेला थोडं थोडं. त्यात मेली फिकट पोपटी सलवार. मी मिरचीची पिशवी पुढ्यात धरून भिंतीला टेकून उभी राहिले. आणि मग रांगेकडं बघितलं तर काय, शिंक आली की त्या बायका आधी पाय एकमेकांत अडकवायच्या, मग शिंकायच्या! कुणी कुणाला शिकवलेलं नाही, सगळ्यांना येतंय. घरी येताना गाडीवर मागं बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "मलाबी हुतंय गं. तीस वर्षं झाली." एका घरात राहून मला पत्ता नाही, आणि मी फिजिओ!

तर मी पुस्तक काढलं आणि रोज शंभर सुरू केले. चार महिने केले. बरं वाटायचं सोडा, जास्तच व्हायला लागलं. शेवटी एका सीनियर मॅडमकडं गेले, त्यांनी हात लावून तपासलं आणि म्हणाल्या, "अगं, तू वर ओढत नाहीयेस, खाली ढकलतेयस." श्वास कोंडून, पोट फुगवून, बाळंतपणात जोर लावतात तसा मी चार महिने जोर लावत होते. लाज वाटली. पण नंतर वाचलं, अमेरिकेत १९९१ साली ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला, तर धड जमला जेमतेम निम्म्यांना, आणि चौथाई बायका असं करत होत्या की त्यानं त्रास वाढूही शकतो. म्हणजे मी एकटी नव्हते. म्हणून म्हणते, ती झेरॉक्स म्हणजे पोहण्याचं पुस्तक देऊन रंकाळ्यात ढकलण्यातला प्रकार आहे.

आणि जाता जाता, आपल्या आयांचं एक वाक्य, "निघायच्या आधी जाऊन घे." एसटीचा प्रवास, स्टँडवरची ती संडासं, आयांचं चुकत नव्हतं. पण लघवीच्या पिशवीत चारशे-पाचशे मिली मावतं आणि आपण दर वेळी शंभरालाच रिकामी केली तर तिला शंभरातच 'चला चला' करायची सवय लागते. त्यात लांबच्या लग्नाला जायचं म्हणून सकाळपासनं पाणीच प्यायचं नाही, लघवी कडक होते, पिशवी अजून चिडते, आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे देवा, व्यायाम तर अजून सांगितलाच नाही.

पटकन बघा. पुढच्या हाडापासनं मागं माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी आहे, पिशवी, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेलं. ती सैल झाली किंवा शिंकेच्या आधी आवळायला उशीर केला की गळतं. खुर्चीवर ताठ बसा, टॉवेलची गुंडाळी घेऊन तिच्यावर बसलात तर अजून चांगलं. वारा अडवायचाय आणि लघवीपण अडवायचीय असं समजून आत आणि वर उचला, टॉवेलपासनं वर. ढुंगण नाही, मांड्या नाही. पाच मोठ्यानं मोजा, बोलताना श्वास कोंडता येत नाही म्हणून मोठ्यानं. मग पूर्ण सोडा, सोडणं पण व्यायामच आहे. असे कमीत कमी आठ, दिवसातनं तीनदा, निदान तीन महिने, ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या सूचनेतही एवढंच आहे, शंभर कुठंच नाहीत. लघवी करताना मधेच थांबवून प्रॅक्टिस नको. आणि एकदा तरी जाणकार फिजिओकडनं तपासून घ्या, तोच तुमचा काटा.

एकदम घाई लागणाऱ्यांनी पळायचं नाही. थांबा, चार-पाच वेळा झटपट आवळा, कळ ओसरू द्या, मग चालत जा. चहा कमी करा. वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. खुर्चीचं मशीन विचारलं होतं ना कुणीतरी, चुंबकाचं, कपड्यासकट बसायचं? स्नायू आवळतं ते, पण शिंकेच्या आधी कधी आवळायचं हे खुर्ची नाही शिकवत, आणि पेसमेकर असेल तर बसूच नका. लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर येणं, यात आधी डॉक्टर. घरात कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल तर त्या पुरुषांनाही हाच व्यायाम आहे, घरी सांगा, लाजतील, सांगा.

चहा आला वाटतं. उठायच्या आधी एक करून बघू, सगळ्याजणी. आधी आत-वर उचला, धरा, मोजा आणि मग उठा. वहिनी, तुम्ही श्वास कोंडलाय.