चुन्याची डबी खिशातच राहू द्या

(दृश्य : धुकं, धरणाचं पाणी, झाडाखाली लाकडी पेटी)

कोल्हापूर जिल्ह्यातलं, मौनी महाराजांचं पाटगाव. वेदगंगेवरचं धरण आणि त्यामागं भुदरगडचं रान. आता याला 'मधाचं गाव' म्हणतात. जांभूळ, हिरडा, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. हे रान आहे म्हणून मधमाश्यांची ही पेटी आहे.

(दृश्य : धूर, झाकण उघडतं)

पेटीतली माशी सातेरी. रानातल्या आग्या माशीपेक्षा लहान आणि स्वभावानं पुष्कळ गरीब. तरी झाकणाला हात लावण्याआधी गोणपाटाचा धूर द्यायचा. धुरानं माशीला गुंगी येते असं आपण समजतो. खरी गंमत वासाची आहे. एक माशी चावली की तिथं पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्यावर धावून येतात. धुरात तो वास बुडून जातो.

(दृश्य : मनगट, अगदी जवळून)

एवढं करूनही, हे बघा. माशी उडाली, नांगी मागे राहिली. नांगीला उलटे काटे असतात. आपल्या कातडीत रुतली की सुटत नाही, माशीचं पोटच फाटतं. ती मरणार. पण नांगीच्या वरची ती पांढुरकी पिशवी बघा, अजून आत-बाहेर होतेय. माशी गेली तरी विष उतरतंय. नखानं खरवडायचं की चिमटीनं उपटायचं, हा वाद नंतर घाला. आधी काढा. इथं अंगठ्याच्या नखानं काम भागलं.

मग साबण-पाणी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं. बोटात अंगठी असेल तर सुजायच्या आत काढायची, नाहीतर सोनाराकडून कापून घ्यावी लागते. खाज सुटली तर डॉक्टरांना विचारून सेटिरिझिनची गोळी.

(दृश्य : तंबाखू मळणारे हात, चुन्याची डबी)

आपल्याकडं माशी एकाला चावते आणि डब्या चौघांच्या निघतात. विष आंबट, चुना त्याला मारतो, असा हिशेब. पण विष गेलंय कातडीखाली, चुना बसतो वर, आणि तो स्वतःच कातडी भाजतो. विळ्याचं पातं घासणं त्यातल्या त्यात निरुपद्रवी. खाजवल्याचं सुख, दुसरं काय!

(दृश्य : तोच हात, दुसरा दिवस)

मनगटापासून कोपराकडं चढलेली सूज. बघणारा म्हणेल, पिकलं. बहुतेक वेळा पिकलेलं नसतं. अशी सूज दोन दिवस वाढते आणि आठवडाभर रेंगाळते. अँटिबायोटिकची घाई नको. पू दिसला, ताप भरला, तर मात्र दाखवा.

चावलं एका जागी आणि गांधी अंगभर उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन, दवाखाना, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन.

(दृश्य : आग्या मोहोळ, उंच फांदी)

आणि हे आग्याचं मोहोळ. याला छेडायचं नाही. चार डंखांचा राग म्हणून पोळ्याला टेंभा लावतात, तेव्हा चावलेली माशी आधीच मेलेली असते. जळतात त्या बाकीच्या.

(दृश्य : पेटी बंद होते, सुजलेला हात पुढच्या पेटीकडं)

अजून नऊ पेट्या बघायच्या आहेत.