चौदा दिवस पुरलेली स्ट्रिप

मंडळी, मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हापशाच्या बाजारात औषधांच्या काउंटरमागे माझी 31 वर्षे गेली. त्यामुळे हृदयाबद्दल मला जे कळते, ते नाडीवरून कमी आणि बिलबुकावरून जास्त.

शुक्रवारच्या बाजाराला एक आजोबा यायचे. मुलगा बोटीवर, घरात एकटेच. एका हातात केळ्यांचा घड, खिशात चौघडी घातलेली चिठ्ठी. दर दुसऱ्या शुक्रवारी एपिक्सबानची, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची, एकच स्ट्रिप न्यायचे. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले: दिवसाला दोन, सकाळ-रात्र. मग चौदा दिवसांना 28 गोळ्या हव्यात. हे नेतात दहा, आणि मी सुटे पैसे मोजत बसले होते! हा हिशेब माझ्या डोक्यात शिरायला तीन महिने लागले. विचारले, तर म्हणाले, "दाढी करताना कापले तर रगत रावना, बाय." रक्त थांबत नाही, म्हणून रात्रीची गोळी बंद, आणि अधूनमधून सकाळचीही. दर भेटीत डॉक्टर विचारायचे, "गोळ्या चालू आहेत ना?" "चालू आहेत," आजोबा सांगायचे. खोटे कुठे होते ते?

त्यांना होते एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते, तिथे रक्त तुंबते आणि गुठळी धरते. ती सुटली की थेट मेंदूकडे. या विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. धडधड सगळ्यांनाच जाणवते असेही नाही. आणि 'मी ॲस्पिरिन घेतो की' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, जुन्या चाचण्यांत वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या औषधाने हे झटके जवळपास दोन-तृतीयांश कमी झाले, ॲस्पिरिनने जेमतेम पाचवा हिस्सा. एपिक्सबानचा निम्मा अंश साधारण बारा तासांत शरीरातून निघून जातो, म्हणून ते दोनदा घ्यायचे. रात्रीची गोळी चुकवली की पहाटेपर्यंत आडोसा विरळ झालेला असतो.

एपिक्सबानसारखी ही नवी औषधे स्वस्त होण्याआधी आमच्या काउंटरवर राज्य होते वॉरफरिन आणि त्याच जातीच्या ॲसेनोकुमारॉलचे. वॉरफरिनचा जन्म मजेशीर आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजके गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या शोधातून ते निघाले. 1948मध्ये उंदराचे विष म्हणून विकले गेले आणि 1954मध्ये माणसाच्या औषधात आले. आजही कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना, किंवा संधिवाती तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना, हेच द्यावे लागते. नवी औषधे तिथे चालत नाहीत. पण वॉरफरिनसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत राहावा लागतो; बहुतेकांचा तो दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो. आणि इथे आपली तांबडी भाजी आडवी येते. तिच्यात व्हिटॅमिन के भरपूर असते, ते या औषधाच्या उलट काम करते. म्हणून लोक भाजी सोडूनच देतात. कशाला? आठवड्यात जेवढी खाता तेवढीच खात राहा, डॉक्टर त्याला धरूनच डोस बसवतात. चवथीला पंगतीत ताटभर आणि नंतर महिनाभर शून्य, हे मात्र नको. फेणीचेही तसेच, पण त्यावर मी इथे जास्त बोलले तर अर्धा हॉल रिकामा होईल.

काउंटरमागचा माणूस किती करू शकतो, ते पाहायला आता कॅनडाकडे जाऊ. तिथल्या अल्बर्टा प्रांतात जास्तीची पात्रता मिळवलेला फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो, रक्ततपासणीही सांगू शकतो. 2024मध्ये तिथली एक चाचणी प्रसिद्ध झाली. 27 फार्मसी, याच विकाराचे 80 रुग्ण, बहुतेकांना आपला विकार ठाऊक होता, तरी गोळी सुरूच नव्हती किंवा डोस चुकीचा होता. एका गटाला फार्मासिस्टनेच औषध लिहून दिले. दुसऱ्या गटात त्याने डॉक्टरांना कळवले आणि थांबला. तीन महिन्यांनी योग्य औषध योग्य डोसमध्ये घेणारे पहिल्या गटात शंभरात 92 निघाले, दुसऱ्यात 56. ऐंशी माणसांवरून पक्षाघात किती टळले ते सांगता येत नाही, एवढे लक्षात ठेवा. पण चिठ्ठी आणि गोळी यांच्यामध्ये किती माणसे गळतात, ते दिसते.

आपल्याकडे कायद्याने मी ही गोळी लिहून देऊ शकत नाही, आणि खरे सांगू, आज द्यावी असे मला वाटतही नाही. पणजीत 1842पासून फार्मसी शिकवली जाते, शिक्षण कमी नाही. पण माझ्या काउंटरवर रुग्णाचा क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते ते सांगणारी रक्ततपासणी) नसतो, वजन नसते, आणि मागे अकरा जण उभे असतात. ज्या कामाला परवानगी लागत नाही, ते तरी आम्ही कुठे करतो? गुडघा दुखतो म्हटले की डायक्लोफेनॅकची स्ट्रिप चिठ्ठीशिवाय पुढे सरकवणारे आम्हीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ती पोटात रक्तस्राव करू शकते. मीही दिली आहे. एका बाईंना काळी शी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या सुनेने मला रिकामी स्ट्रिप आणून दाखवली. त्या वाचल्या. त्यानंतर मी विचारल्याशिवाय देत नाही, गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात गेले तरी.

आजोबांचे पुढे असे झाले. त्यांच्या परवानगीने मी डॉक्टरांना फोन केला. डोस बदलला नाही. त्यांना इलेक्ट्रिक रेझर घ्यायला सांगितले. तो मुलाने बोटीवरून आणला. आता ते दर दुसऱ्या शुक्रवारी तीन स्ट्रिपा नेतात, आणि उरलेल्या दोन गोळ्यांचा हिशेब मला मुद्दाम देतात.

येताना घरातल्या गोळ्या पिशवीत घालून आणा, असे बोर्डावर लिहिले होते. आणल्या असतील तर काढा बाहेर. पहिल्या रांगेपासून सुरू करूया.