कुठली पिन?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. शब्द इंग्रजी, शिवणाच्या डब्यातला, पण आपल्या घरात इतका मुरलेला की तो परका आहे हे लक्षातही येत नाही. पिन.

जुन्या इंग्रजीत पिन म्हणजे खुंटी. खुंटी, बरं का. लाकडाची, जाडजूड. म्हणून तर लाटण्याला ते लोक ‘रोलिंग पिन’ म्हणतात. लाटण्यात टोचण्यासारखं काय असतं? पण ती खुंटी झिजत झिजत टाचणी झाली, आणि टाचणी आमच्या सातारच्या घरी कशी पोचली, ते सांगतो.

साल 1973. मी दुसरीत. आत्याला बघायला पाहुणे आले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मंडळी, आत आईचे पोहे भिजलेले, आणि नेमका स्टोव्ह चोंदला. कितीही पंप मारा, नुसता पिवळा जाळ आणि काजळी. आई म्हणाली, “पळ, पिन आण.”

मी पळालो. दुकानदार म्हणाला, “कुठली पिन?” आता कुठली म्हणजे काय? पिन ती पिन. त्याने टाचण्यांची पुडी दिली. आईने कपाळावर हात मारला. “अरे, ह्याने काय होतंय? मोठी आण!” पुन्हा पळालो. “कुठली पिन?” “मोठी.” त्याने सेफ्टी पिनांचा झुबका दिला. आई तेव्हा जे बोलली ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या खेपेला मी दुकानाच्या पायरीवरूनच ओरडलो, “स्टोव्हची! स्टोव्हची!” तेव्हा कुठे ती पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाची केसाएवढी तार हातात पडली.

इकडे बाहेरच्या खोलीत बोलणं संपलेलं. पाऊसपाणी झालं, कोणाची बदली कुठे तेही झालं, पोह्यांचा पत्ता नाही. मुलगा टपाल खात्यात कारकून. अवघडून तो आजोबांना म्हणाला, “पत्ता लिहून द्या, पत्राने कळवतो. आणि पिन तेवढा घाला.”

उंबऱ्याशी बसलेल्या आजीने ‘पिन’ एवढंच ऐकलं. पाहुण्याने पिन मागितली! हातातल्या बांगडीला अडकवलेली शेप्टीपिन तिने काढली आणि पुढे केली, “घ्या. गंजलेली नाही.” तेवढ्यात मी धापा टाकत आत. पाहुणे पिन मागताहेत म्हटल्यावर मीही माझी पुढे केली. समोर दोन पिना, आणि त्याला हवा होता नंबर! 415001. आमच्या घरात तो एकालाही माहीत नव्हता.

तो हसला नाही, हे विशेष. आजीची पिन त्याने खिशाला लावली. माझी घेतली, उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. बर्नरचं भोक मोकळं केलं, पंप मारला, स्टोव्ह भर्रकन पेटला. आत्या तिथेच कोथिंबीर निवडत होती. आठवड्याने पत्र आलं. लिफाफ्यावर सहा आकडे ठळक, आणि आत पत्र आणि पत्रिका एकत्र लावलेली, आजीच्या त्याच पिनेने.

आजीचंही चुकलं नव्हतं. तो नंबर सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, म्हणजे जेमतेम वर्षाचा. पोस्टल इंडेक्स नंबर. योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, दहा लिप्या, दहा तऱ्हेची अक्षरं. पत्र जायचं भलतीकडे. त्यावर हे सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये. पहिले तीन मिळून सॉर्टिंगच्या जिल्ह्याचे. शेवटचे तीन तुमच्या पोस्टाचे. पुन्हा सांगतो, शेवटचे तीन पोस्टाचे. आणि कृपा करून ‘पिन नंबर’ म्हणू नका. पिनमधला शेवटचा ‘न’ म्हणजेच नंबर.

बँकेच्या पिनमध्येही नंबर आहेच. पैसे देणारं ते मशीन, आपलं एटीएम, 1967 साली लंडनच्या एनफिल्डमध्ये बसलं. करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांना सहा आकडे हवे होते; बायको म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. झाले चार. घरोघरी तेच.

आता वाण्याकडची पिन. पूर्वी पुडीला दोरा गुंडाळून मिळायचा, तो आपण जपून ठेवायचो. आता खटकन स्टेपलरची पिन. ती एखाद दिवशी डाळीत निघते. मला हे अजिबात मान्य नाही. विषय तो नाही, पण सांगून ठेवतो.

शब्दाची गंमत बघा. इंग्रजाच्या रेकॉर्डवर ‘नीडल’ फिरायची, म्हणजे सुई. आपण तिलाच पिन म्हटलं, आणि तेच तेच बोलणाऱ्याची ‘पिन अडकली’. दोघांत भांडण लावणारा ‘पिन मारतो’. त्यांना ‘पिन्स अँड नीडल्स’ होतात, तेव्हा आपल्या पायाला मुंग्या येतात, मुंग्याच बऱ्या. बायकोच्या कपड्यालत्त्याच्या पैशाला ते ‘पिन मनी’ म्हणत, लग्नाच्या करारात त्याचा आकडासुद्धा लिहीत.

काचेपलीकडून खूण होतेय, वेळ संपली. अॅडम स्मिथचा 1776 मधला टाचण्यांचा कारखाना, दहा माणसं आणि दिवसाला 48,000 टाचण्या, तो राहूनच गेला. पुढच्या वेळी ‘हुक’ घेऊ. नमस्कार.