रविवारी बोलायचं काय? कार्ल बार्थ यांची गोष्ट

(पडद्यावर अंधार. लांबून चर्चची घंटा.)

साफेनविल. स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतातलं छोटंसं गाव. थोडी शेती, आणि पोटापाण्यासाठी कापडाच्या, विणकामाच्या गिरण्या. 1911 साली इथल्या रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चमध्ये पंचवीस वर्षांचे नवे पाळक रुजू झाले. वडील बर्नमध्ये धर्मशास्त्राचे प्राध्यापक. मुलगाही बर्लिन आणि मारबुर्गमध्ये त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या गुरूंपाशी शिकलेला. नाव कार्ल बार्थ.

दर रविवारी उपदेशपीठावर उभं राहायचं आणि समोरच्या माणसांना देवाविषयी सांगायचं, हे त्यांचं काम. आणि रविवार जवळ आला की तोच प्रश्न पुढे यायचा: बोलायचं काय?

गिरणीत राबणारी माणसं बाकांवर बसलेली असायची. बार्थ यांनी कारखान्यांचे कायदे वाचले, विमा समजून घेतला, कामगारांना संघटना बांधायला मदत केली. डिसेंबर 1911 मध्ये त्यांनी कामगारांपुढे येशू आणि सामाजिक न्यायाची चळवळ या विषयावर व्याख्यान दिलं, तेव्हा गावच्या गिरणीमालकांच्या घराण्यातून वर्तमानपत्रात जाहीर पत्र छापून आलं. 'लाल पाळक' हे नाव पडलं ते असं. 1915 मध्ये ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासदही झाले.

(1914. आगगाड्यांतून निघालेले सैनिक, हातात फुलं.)

मग महायुद्ध पेटलं. ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मनीतल्या 93 विद्वानांनी आपल्या देशाच्या युद्धाची पाठराखण करणारं जाहीर पत्रक काढलं. त्या नावांत बार्थ यांना आपल्या गुरूंची नावं दिसली: आडोल्फ फॉन हारनाक, विल्हेल्म हेरमान. ज्यांनी बायबल कसं वाचायचं ते शिकवलं, त्यांनीच कैसरच्या तोफांमागे आपली विद्वत्ता उभी केली होती. बार्थ पुढे अनेकदा सांगत की, त्या गुरूंचं ईश्वरविज्ञान, नीती, शास्त्राचा अर्थ लावण्याची रीत, हे सगळंच त्यांच्या दृष्टीने त्यावेळी पायापासून हललं.

मला हा क्षण त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटतो. गुरूंवर चिडणं सोपं असतं. बार्थ यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: हा देव इतक्या सहजपणे आमच्या सैन्यात भरती होतोच कसा? आमच्या शिकवणुकीतच कुठेतरी तो आमच्या मालकीचा झाला असला पाहिजे.

शेजारच्या लॉइटविल गावात एडुआर्ट टुरनायझन नावाचे मित्र पाळक होते. दोघं एकमेकांकडे चालत जात, पत्रं लिहीत. नव्याने, अगदी मुळापासून सुरुवात करायची असं दोघांनी ठरवलं. 1916 च्या उन्हाळ्यात बार्थ सफरचंदाच्या झाडाखाली बसले आणि त्यांनी बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं, जणू ते आधी कधी वाचलंच नव्हतं.

त्या वाचनातून पुस्तक झालं. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती निघाल्या, 1919 हे साल घालून. मग बार्थ यांनी ते जवळजवळ सगळं पुन्हा लिहिलं, आणि 1922 ची दुसरी आवृत्ती युरोपभर गाजली. ईश्वरवेत्त्यांच्या खेळाच्या मैदानावर बॉम्ब पडावा तसं हे पुस्तक येऊन पडलं, असं कार्ल आडाम या कॅथलिक विद्वानाने लिहिलं. खुद्द बार्थ म्हणाले: चर्चच्या मनोऱ्याचा अंधारा जिना चढताना कठड्यासाठी हात पुढे करावा, हाती घंटेचा दोर यावा, आणि सगळ्या गावावर घंटा घणघणावी, तसं माझं झालं.

काय होतं त्या पुस्तकात? एक वाक्य: देव देव आहे. माणसाची संस्कृती, प्रगती, राष्ट्र, अंतःकरणातल्या उदात्त भावना, यांची उंच शिडी केली तरी तिच्या टोकाला देव नसतो. तो येतो तो त्याच्या बाजूने, स्वतःच्या कृपेने. धर्म हादेखील माणसाचाच उद्योग आहे, आणि बऱ्याचदा देवाला मुठीत धरण्याचा. हा वार बार्थ यांनी आधी ख्रिस्ती धर्मावर केला, हे विसरता कामा नये.

त्याच 1922 मध्ये एका व्याख्यानात त्यांनी साफेनविलचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. ईश्वरविज्ञानाची माणसं म्हणून आम्ही देवाविषयी बोललं पाहिजे. पण आम्ही माणसं आहोत, म्हणून आम्हाला ते बोलता येत नाही. या दोन्ही गोष्टी ओळखायच्या, आणि त्यातूनच देवाला मान द्यायचा.

(1933. झेंडे, मशाली, चर्चच्या दारात गणवेश.)

गटिंगेन, म्युन्स्टर, बॉन. डॉक्टरेट नसलेला हा गावचा पाळक जर्मनीत प्राध्यापक झाला होता. हिटलर सत्तेवर आला, आणि 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या गटाला रक्त, वंश आणि नेता यांत देवाचा आवाज ऐकू येऊ लागला. 1914 चाच आजार, आता कितीतरी भयंकर झालेला.

मे 1934. फ्रांकफुर्टमधलं एक हॉटेल. या गटाला विरोध करणाऱ्या चर्चची सभा बार्मेन शहरात भरणार होती, तिच्या जाहीरनाम्याचा मसुदा करायला तिघं जमले होते. दुपारी दोन ल्यूथरन सहकारी वामकुक्षीसाठी गेले. कडक कॉफी आणि ब्राझीलच्या एक-दोन सिगारी एवढ्या जोरावर बार्थ यांनी मसुदा लिहून काढला.

29 ते 31 मे या दिवसांत बार्मेनच्या गेमार्के चर्चमध्ये सभा भरली आणि सहा कलमं मंजूर झाली. पहिल्याचा आशय असा: पवित्र शास्त्र ज्याची साक्ष देतं तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, जगताना आणि मरताना आम्ही त्याचंच ऐकायचं, त्याच्यावरच भरवसा ठेवायचा, त्याच्याच आज्ञेत राहायचं. हिटलरचं नाव कुठेही नाही. पण 'एकमेव' हा शब्द कुणाला उद्देशून आहे, ते ऐकणाऱ्याला कळत होतं.

बार्थ यांनी हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. 1935 मध्ये बॉनची खुर्ची गेली आणि ते बाझेलला, आपल्या जन्मगावी परतले.

या जाहीरनाम्यातली एक जागा रिकामी आहे, आणि तिच्यापाशी थांबायलाच हवं. सहा कलमांत ज्यूंविषयी एक शब्द नाही. बार्थ यांनी 1967 मध्ये, हिटलरविरोधी पाळक डीट्रिश बॉनहोफर यांचे चरित्रकार एबरहार्ट बेटगं यांना लिहिलेल्या पत्रात, हा आपला दोष असल्याचं मान्य केलं. ज्यूंचा प्रश्न तेव्हा निर्णायक म्हणून मांडायला हवा होता, तो मी मांडला नाही, असं त्यांनी कबूल केलं.

(बाझेल. पुस्तकांनी भरलेली खोली. टेबलाच्या वर जुने जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्ड यांचं चित्र.)

चित्रात बाप्तिस्मा करणारा योहान वधस्तंभाकडे बोट दाखवतो. ते लांबलचक बोट बार्थ यांना फार प्रिय होतं. ईश्वरविज्ञानाने एवढंच करावं, बोट दाखवावं. त्या चित्राखाली त्यांनी 'चर्च डॉग्मॅटिक्स' हा ख्रिस्ती शिकवणुकीवरचा ग्रंथ लिहिला: 1932 पासूनचं काम, नऊ हजारांहून जास्त पानं, आणि तरी अपुरं. तरुणपणीच्या 'नाही'पेक्षा इथला 'होय' मोठा आहे. माणसाला नाकारण्याची वेळ आली तेव्हा देवाने तो नकार ख्रिस्तात स्वतःवर घेतला, हा या ग्रंथाचा गाभा. 1956 मध्ये, 'देवाची मानवता' या व्याख्यानात, त्यांनी आपलं जुनं बोलणं एकांगी होतं हेही सांगितलं.

आपल्या बाजूने पाहिलं की एक प्रसंग खुपतो. सिलोनचे ख्रिस्ती पाळक डी. टी. नाइल्स त्यांना भेटले. बोलण्यात बार्थ म्हणाले, इतर धर्म म्हणजे अविश्वास. नाइल्सनी विचारलं, तुम्ही किती हिंदूंना भेटला आहात? एकालाही नाही. मग हे कसं कळलं? उत्तर आलं: ते आधीच ठरलेलं आहे. त्याच लेखणीने 'डॉग्मॅटिक्स'मध्ये जपानच्या जोडो-शिन या बौद्ध पंथातली कृपेची शिकवण जवळून पाहिली होती, भारतातल्या भक्तिमार्गाचीही नोंद घेतली होती. पुस्तकातून भक्ती दिसली. भक्त मात्र भेटला नाही. ज्या गावात पालख्या येतात तिथला माणूस हे ऐकून गप्प बसू शकत नाही, आणि बसूही नये.

त्यांचे शब्द मात्र त्यांच्या ओळखीच्या जगापलीकडे गेले. 1982 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनजवळच्या बेलहारमध्ये, गोऱ्यांपासून वेगळ्या काढलेल्या एका चर्चने वर्णभेदाविरुद्ध विश्वासाचा जाहीरनामा लिहिला, तो बार्मेनच्या वाटेने.

उतारवयात बार्थ बाझेलच्या तुरुंगात उपदेश करायला जात. 1957 च्या शुभ शुक्रवारी त्यांनी कैद्यांना सांगितलं की, येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर खिळलेले ते दोन गुन्हेगार हीच पहिली ख्रिस्ती मंडळी. मला वाटतं, साफेनविलच्या प्रश्नाचं त्यांना सापडलेलं सर्वांत साधं उत्तर हे होतं.

आणि घर. 1929 पासून शार्लोट फॉन किर्शबाउम त्याच घरात राहायला आल्या. ग्रंथामागचं अफाट काम त्यांचं, आणि बार्थ यांचं प्रेमही त्यांच्यावर. पत्नी नेली आणि मुलं हे सगळं वर्षानुवर्षं सोसत राहिली. कृपेवर हजारो पानं लिहिणाऱ्याच्या घरातलं हे दुःख लपवून त्यांची गोष्ट सांगता येत नाही.

9 डिसेंबर 1968 च्या रात्री टुरनायझन यांच्याशी फोनवर बोलणं झालं. जग काळवंडलेलं दिसत होतं. मान खाली घालू नकोस, बार्थ म्हणाले, राज्य चालवणारा वर आहे. टेबलावर एका व्याख्यानाचे कागद होते, अर्ध्या वाक्यात थांबलेले. सकाळी नेलींना ते झोपेतच गेलेले आढळले.

पुढे शार्लोट आजारी अवस्थेत एका संस्थेत होत्या, तेव्हा नेली त्यांना भेटायला जात राहिल्या. 1975 मध्ये शार्लोट वारल्या. नेलींनी त्यांना बार्थ कुटुंबाच्या कबरीत जागा दिली.

(ह्योर्न्ली दफनभूमी, बाझेल. एक कबर. कॅमेरा तीन नावांवरून सावकाश सरकतो. घंटा नाही.)