कोवारी कमी होतोय, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी!

(पडद्यावर: कोवारीचा फोटो)

हा कोवारी. वजन ७० ते १७५ ग्रॅम, साधारण चिचुंद्रीएवढा जीव. शेपटीच्या टोकाकडे काळ्या केसांचा झुबका. दिसतो उंदरासारखा, पण आहे कांगारूंच्या गोतावळ्यातला. मादी पोटावरच्या कातडीच्या घडीत पिल्लं वाढवते. आणि हा पक्का शिकारी आहे बरं का! किडे, कोळी, सरडे, छोटे उंदीर, जे सापडेल ते मारतो. पाणी प्यायला मिळालं नाही तरी भक्ष्यातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं.

जगात तो फक्त ऑस्ट्रेलियात आहे, तोही नैसर्गिकरीत्या दोनच भागांत: साउथ ऑस्ट्रेलियाचा ईशान्य कोपरा आणि त्याला लागून क्वीन्सलंडचा नैर्ऋत्य भाग.

(पडद्यावर: नकाशा, शार्लट वॉटर्सवर खूण)

आता नकाशावर हे ठिकाण बघा. शार्लट वॉटर्स, नॉर्दर्न टेरिटरीतलं जुनं तारघर. इथल्या बर्न नावाच्या अधिकाऱ्यानं पकडून दिलेल्या प्राण्यांवरून बाल्डविन स्पेन्सर या शास्त्रज्ञानं १८९६ मध्ये कोवारीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. प्राण्याच्या शास्त्रीय नावातही बर्न आहे. आज त्या अख्ख्या नॉर्दर्न टेरिटरीत कोवारी सापडत नाही.

म्हणजे घट झाली, हे उघड आहे. पण उरलेल्या जागी काय चाललंय? मला खरं तर याच कामाबद्दल बोलायचंय, कारण ते फार चिकाटीचं आहे आणि त्याची दखल कमी घेतली जाते.

संध्याकाळी मैदानात अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे लावतात, आत आमिष. पहाटेच सगळे तपासावे लागतात, कारण ऊन चढलं की पत्र्याच्या डब्यात प्राणी तडफडून मरेल. सापडलेल्याचं वजन करायचं, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची आणि सोडून द्यायचं. पुढच्या वेळी सापडलेल्यांत चिपवाले किती, बिनचिपवाले किती, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात.

पण पिंजरा रिकामा राहिला म्हणजे प्राणी नाहीच, असं होत नाही. शिवाय वाळवंटात पाऊस वर्षानुवर्षं दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो. पाऊस झाला की गवत, किडे, उंदीर सगळंच उसळून वाढतं आणि पुढच्या दुष्काळात ओसरतं. सिडनी विद्यापीठातले क्रिस डिकमन आणि त्यांचे सहकारी सिम्प्सन वाळवंटात १९९० पासून छोट्या प्राण्यांची अशी नोंद ठेवत आलेत. इतकी वर्षं का लागतात? कारण भरपूर पावसाचं एक वर्ष आणि कोरडं एक वर्ष शेजारी ठेवलं तर काहीच सिद्ध होत नाही. आधीच्या दुष्काळात जेवढे तगले होते, तेवढे या दुष्काळात तगले का, हे बघावं लागतं. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर हे कसं व्हायचं? माझ्या मते अशा संशोधनातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

कारणांकडे येऊ. पहिलं, रानटी झालेली मांजरं. पावसानंतर उंदरांची पैदास प्रचंड वाढते, त्यांवर मांजरं पोसतात. मग दुष्काळ पडतो, उंदीर संपतात आणि भुकेली मांजरं उरलेल्या प्राण्यांवर तुटून पडतात. म्हणजे चांगला पाऊसच पुढच्या संकटाची तयारी करून जातो.

दुसरं, गुरं. कोवारीचं मैदान दगडगोट्यांनी मढलेलं, कठीण. बीळ खणायला तो मधले वाळूचे छोटे उंचवटे शोधतो. गुरांसाठी बोअरवेल खणून पाणवठे केले आहेत. त्यांच्या आसपास खुरांखाली हेच उंचवटे दबतात, घट्ट होतात. मग बीळ कुठे खणायचं?

यांतलं जास्त नुकसान कोण करतं, हे वेगळं काढणं अवघड आहे. २०२२ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळच्या अ‍ॅरिड रिकव्हरी या कुंपणबंद अभयारण्यात कोवारी आणून सोडले. तिथल्या कुंपणाचा वरचा भाग लवचिक आहे आणि बाहेरच्या बाजूला वळवलेला आहे, त्यामुळे मांजराला तो ओलांडता येत नाही. मांजरं नसतील तर कोवारी कसे तगतात, हे तिथे बघता येतं. मला हे पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. पण आत मांजरंही नाहीत आणि गुरंही नाहीत, त्यामुळे दोन कारणांची फोड तिथे होणार नाही. त्यासाठी उघड्या मैदानातच काही पाणवठे बंद करून, शेजारचे चालू ठेवून, दोन्हीकडे पिंजरे लावावे लागतील. गुरांच्या मालकांची संमती हवी, आणि मोजणी निदान एक मोठा पाऊस आणि त्यानंतरचा दुष्काळ संपेपर्यंत चालायला हवी.