साबण करताना तेलाचं नाव नको, त्यातली फॅटी ॲसिड्स बघा

नमस्कार! या माझ्या हातातल्या दोन वड्या बघा. ही निव्वळ खोबरेल तेलाची, ही निव्वळ ऑलिव्ह तेलाची. बाकी दोन्हींत फक्त पाणी आणि कॉस्टिक सोडा.

(खोबरेलची वडी ओल्या हातावर फिरवत) दोनदा फिरवली की हात फेसाने भरला, बुडबुडे केवढे मोठे बघा. पण हात पुसल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते. आता ही ऑलिव्हची. फेस थोडा, तोही बुळबुळीत, पण हात छान मऊ राहतात.

सोडा तोच, मग फरक कुठून आला? तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन फॅटी ॲसिड्स. सोडा ती सुटी करतो आणि त्यांचा साबण बनतो. ग्लिसरीन वडीतच राहतं. म्हणजे वडीचा स्वभाव ठरतो तो कुठली ॲसिड्स किती आहेत, यावर.

खोबरेलमध्ये जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं. त्याची साखळी आखूड, १२ कार्बनची. असा साबण पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून झटकन फेस येतो, अगदी खाऱ्या पाण्यातसुद्धा. आणि मळाबरोबर कातडीचा तेलकटपणाही तो काढून नेतो. म्हणून रोजच्या अंघोळीच्या साबणात मी खोबरेल २५ ते ३० टक्क्यांच्या वर जात नाही.

पाम तेल, कोको बटर यांत पामिटिक आणि स्टिअरिक. वडी टणक होते, लवकर झिजत नाही, फेस दाट येतो. ऑलिव्हमध्ये ओलेइक, सौम्य पण सुकायला वेळखाऊ. आणि एरंडेल अगदी वेगळं: त्यात ९० टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक, जे दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या तेलात नसतं. फेस टिकवायचं काम त्याचं. ५ टक्के पुरतं, फार घातलं तर वडी चिकट होते.

आता सूर्यफूल. याने माझी एक पूर्ण बॅच घालवली. वड्या सुंदर झाल्या होत्या, दोन-तीन महिन्यांनी त्यांवर नारिंगी ठिपके उठले आणि खवट वास यायला लागला. कारण लिनोलेइक ॲसिड. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे हल्ला करतो. आणि गंमत अशी, की 'हाय ओलेइक' सूर्यफूल तेल मिळतं, त्यात लिनोलेइक फार कमी असतं, ते बरंच टिकतं. बाटलीवर नाव सूर्यफूलच! म्हणून म्हणते, नावावर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपया हे नीट ऐका. एक तेल संपलं म्हणून तेवढंच दुसरं घालायचं नाही. ५०० ग्रॅम खोबरेलला पूर्ण साबण व्हायला साधारण ९१.५ ग्रॅम सोडा लागतो, ५०० ग्रॅम ऑलिव्हला ६७.५. आखूड साखळ्या वजनाला हलक्या, म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये त्या जास्त मावतात आणि सोडाही जास्त खातात. खोबरेलच्या हिशोबाने ऑलिव्हमध्ये सोडा घातलात, तर २४ ग्रॅम तसाच उरेल आणि कातडी भाजेल.

पहिल्यांदा करणार असाल तर हे घ्या: ऑलिव्ह ३५० ग्रॅम, खोबरेल १२५, एरंडेल २५. कॉस्टिक सोडा ६९ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. यात साधारण ५ ते ६ टक्के तेल मुद्दाम साबण न होता राहतं, त्यालाच सुपरफॅट म्हणतात. सगळं वजनकाट्यावर मोजायचं, कपाने नाही. तरी हे आकडे एकदा सोप कॅल्क्युलेटरमध्ये (कुठल्या तेलाला किती सोडा लागेल ते काढून देणारं इंटरनेटवरचं साधन) टाकून ताडून बघाच. चष्मा, हातमोजे घाला, ॲल्युमिनियमचं भांडं नको, आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. वड्या कापल्यावर किमान सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्या. ऑलिव्ह जास्त आहे, त्यामुळे आणखी दोन महिने ठेवल्या तर फेसात फरक तुम्हालाच जाणवेल.